गिऱ्हाईक बोलते एक, हात जातो दुसरीकडे

माझ्या दुकानाच्या माळ्यावर आजही फिकट रंगाच्या गाऊनचे दोन गठ्ठे पडून आहेत. बदामी, आकाशी, फिकट गुलाबी. कापड चांगले, शिलाई पक्की, भाव वाजवी. तरी माल गेला नाही. तो का गेला नाही हे समजायला मला दीड वर्ष आणि चाळीस हजार रुपये लागले. हा हिशोब आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर मांडावा असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

झाले असे की माझा धाकटा मुलगा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करून दुकानात बसू लागला. तीस वर्षे गादीवर बसून मी जो अंदाज बांधत आलो, तो त्याला पटेना. "अब्बा, अंदाजावर धंदा करायचे दिवस गेले. आधी विचारायचे, आकडे जमवायचे, मग माल भरायचा," असे त्याचे म्हणणे. बोलणे वावगे नव्हते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. हिशोब तोंडी, याद्या डोक्यात. मुलगा शिकलेला आहे तर त्याचे ऐकावे, असा विचार केला.

त्याने बारा प्रश्नांचा छापील कागद तयार केला. कापड कोणते आवडते, रंग कोणता, बाही केवढी, किंमत किती द्याल. दोन मुली नेमून दोनशे बायकांकडून कागद भरून घेतला. बेरजा झाल्या, टक्के निघाले. सुती कापड, फिकट शांत रंग, कोपरापर्यंत बाही, किंमत अडीचशेच्या आत. आम्ही सहाशे नग शिवून घेतले.

ज्या बायकांनी कागद भरला त्यातल्याच अनेक जणी दुकानात आल्या. त्यांनी बदामी गाऊन हातात घेतला, उलगडला, "छान आहे" म्हणाल्या आणि मरून नाहीतर गडद निळा छापील गाऊन घेऊन गेल्या. महिनाभर मी हे पाहत होतो. मुलगा म्हणे, मोसम संपला की जाईल. मोसम संपला, माल तसाच.

शेवटी शेजारच्या खेड्यातल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईला मी सरळ विचारले, "मावशी, तुम्हीही त्या कागदावर फिकट रंगालाच खूण केली होती ना?"

ती हसून म्हणाली, "केली होती की, भाऊ. पण त्या पोरींनी आवडीचा रंग विचारला होता. घालायचा कोणता, ते कुठे विचारले? ह्याला मी हळदीचा हात पुसू का? आणि नळावर भिजले तर दारात कशी उभी राहू?"

दोनशे कागदांनी जे सांगितले नाही ते तिने काउंटरवर उभ्या उभ्या सांगितले. हळदीचा डाग आणि भिजल्यावर आरपार दिसणारे कापड, ह्या दोन गोष्टी आमच्या बारा प्रश्नांत कुठेच नव्हत्या. ज्याने प्रश्न लिहिले त्याने गाऊन घालून कधी भांडी घासली नव्हती. मीही नाही. पण मी तीस वर्षे बायकांचे हात कोणत्या ताक्यावर जातात ते पाहत होतो आणि ऐनवेळी डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. चूक मुलाची कमी, माझी जास्त.

दोन लाख लोकांनी चाखले, तरी फसले

आपण लहान माणसे फसलो तर समजू शकते. पण ह्याच रीतीने जगातली एक मोठी कंपनी फसली होती. १९७५ पासून पेप्सीवाले अमेरिकेत ठिकठिकाणी टेबले मांडून लोकांना नाव न दाखवता दोन पेले देत आणि कोणते पेय चांगले ते विचारत. बरेच लोक पेप्सीला पसंती देत. कोकाकोला कंपनी घाबरली. तिने थोडी अधिक गोड अशी नवी चव तयार केली आणि सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली. निकाल नव्या चवीच्या बाजूने लागला. २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीने जाहीर केले की जुनी चव बंद, आता नवी.

लोक खवळले. कंपनीला फोन, पत्रे, शिव्याशाप. काहींनी जुन्या कोकचे खोके घरात साठवून ठेवले. ७९ दिवसांनी, ११ जुलै १९८५ ला, कंपनीला जुनी चव परत आणावी लागली.

चाचणी खोटी नव्हती. घोटभर चाखताना गोड पेय खरोखरच बरे लागते. पण घरी माणूस घोटभर पीत नाही, बाटली संपवतो, आणि तिथे तोच गोडवा जड होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की "ही नवी घेतलीत तर तुमची जुनी कायमची जाईल" हे कोणाला नीटपणे विचारलेच गेले नाही. लोकांच्या मनात त्या बाटलीला बालपण, सणवार, घर चिकटलेले होते. त्याला चाचणीच्या कागदात रकाना नव्हता. आमच्या बदामी गाऊनसारखेच हे. प्रश्न आवडीचा होता, विक्री रोजच्या वापराची होती.

ज्याची कोणी मागणीच केली नव्हती

आता उलट बाजूची गोष्ट. १९८० च्या दशकात आपल्याकडचे भाऊबंद आखातातून सुट्टीवर येत तेव्हा त्यांच्या बॅगेत अत्तर, कंबल आणि वॉकमन हमखास असे. कमरेला अडकवायची ती डबी आणि कानावरचा हलका पट्टा. गल्लीतली पोरे बघायला गोळा होत. ती वस्तू बाजारात कशी आली, हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

सोनी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक मासारू इबुका. त्यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायची सवय. त्यासाठी ते कंपनीचाच एक टेपरेकॉर्डर सोबत नेत, पण तो वजनाला जड. त्यांनी आपल्या माणसांना सांगितले, मला एक हलके यंत्र करून द्या, आवाज भरायची सोय नसली तरी चालेल, फक्त ऐकता आले पाहिजे. कंपनीकडे बातमीदारांसाठीचा प्रेसमन नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातली आवाज भरण्याची यंत्रणा काढून टाकली, स्टिरिओ आवाज बसवला आणि इबुकांना दिले. ते खूश झाले आणि त्यांनी ते दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना दाखवले.

मोरिता हा माणूस मुळात व्यापारी. त्यांच्या घरात मुले सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी वाजवत. माणसे मोटारीत स्टिरिओ बसवून घेत, समुद्रावर जाताना खांद्यावर भलामोठा डबा घेऊन जात. मोरितांनी हे सारे पाहिले होते. लोकांना गाणे सोबत न्यायचे आहे आणि न्यायचे साधन मात्र जड आहे, एवढे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी यंत्र बाजारात आणायचे ठरवले. कंपनीतल्याच लोकांनी विरोध केला. ज्यात आवाज भरता येत नाही असा टेपरेकॉर्डर कोण घेणार? त्या वेळी बाजारात कोणाला विचारले असते तर त्यानेही हेच उत्तर दिले असते. मोरितांनी बाजार-पाहणीची वाट पाहिली नाही. तीस हजार नग करायला सांगितले.

१ जुलै १९७९ ला वॉकमन जपानात विक्रीला आला, किंमत ३३ हजार येन. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार गेले. आपल्यापैकी कोणीही असता तर त्याची झोप उडाली असती. पण कंपनीने जाहिरातीपेक्षा निराळी वाट धरली. तरुण मुलांना वॉकमन कानाला लावून टोकियोच्या गर्दीच्या रस्त्यांवर फिरवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकायला दिले. एकदा कानाला लावले की माणूस सोडेना. ऑगस्ट संपेपर्यंत तीस हजारांचा सारा माल संपला.

ह्यात एक गंमत आहे. मोरितांचाही एक अंदाज चुकला. एकट्याने कानाला लावून ऐकणे इतरांना असभ्य वाटेल, असे त्यांना वाटले. म्हणून पहिल्या वॉकमनला दोघांना ऐकता यावे अशी दोन भोके ठेवली होती आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. पुढे दिसले की माणसाला नेमके एकटेच ऐकायचे होते. दुसरे भोक आणि ते बटण पुढच्या काळात गेले. मोठा अंदाज बरोबर, छोटा चूक, आणि छोटा बाजाराने दुरुस्त केला. मला ह्या गोष्टीतला हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो.

ही नजर मोरितांना फुकट मिळालेली नव्हती. १९५० साली त्यांच्या कंपनीने पहिला टेपरेकॉर्डर केला होता. वजन ३५ किलो, किंमत १ लाख ६० हजार येन, आणि तेव्हा जपानात कॉलेज शिकलेल्या नोकरदाराचा पगार महिन्याला दहा हजार येनच्या आत होता. लोक यंत्र पाहत, आपला आवाज ऐकून हसत, वाहवा करत आणि निघून जात. एके दिवशी मोरितांनी जुन्या वस्तूंच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला एक जुनी फुलदाणी घेताना पाहिले. त्याने तिला टेपरेकॉर्डरपेक्षाही जास्त पैसे मोजले. फुलदाणीचे मोल त्या माणसाला दिसत होते. टेपरेकॉर्डरचे मोल कोणाला दिसणार, ह्या शोधात मोरिता लागले. युद्धानंतर जपानात न्यायालयांना लघुलेखक मिळत नव्हते, कामे अडून राहत. त्यांनी यंत्र तिथे नेऊन दाखवले आणि वीसेक नग तिथेच विकले गेले. यंत्र तेच होते. ज्याचे काम अडले होते त्याच्या दारात ते नेले, इतकेच.

एक रुपयाची पुडी

आपल्याच देशातले उदाहरण हवे असेल तर तमिळनाडूतल्या कडलूरचे घ्या. तिथे चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते. जी वस्तू श्रीमंत वापरतो ती मजुरालाही परवडली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. ते पावडरीसारखा माल छोट्या छोट्या पुड्यांत बांधून विकत. त्यांच्या मुलांनी पुढे शॅम्पूची पुडी बाजारात आणली. त्यातला एक मुलगा, सी. के. रंगनाथन, भावांपासून वेगळा झाला आणि १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर 'चिक' शॅम्पू सुरू केला. आजच्या केविनकेअर कंपनीची सुरुवात ती.

त्या वेळी खेड्यातल्या बाईला कोणी विचारले असते की, बाई, तुला शॅम्पू हवा का, तर ती नाही म्हणाली असती. आमचे शिकेकाईने भागते, असे सांगितले असते. आणि कागदावर लिहिले गेले असते की खेड्यात शॅम्पूला मागणी नाही. पण बाटली तिला महाग होती, एवढाच त्या नाहीचा अर्थ. आठवड्यातून एकदा केस धुणाऱ्या बाईने महिन्याभराचा पैसा एकदम का गुंतवावा? रोजंदारीवर जगणाऱ्याचे घर रोजच्या खरेदीवर चालते: पाव किलो तेल, दोन रुपयांची चहापत्ती. हे ज्याने किराणा दुकानात उभे राहून पाहिले त्याला पुडी सुचली. चिकवाल्यांनी आणखी एक युक्ती केली. रिकाम्या पाच पुड्या आणा, कोणत्याही कंपनीच्या असोत, एक चिक फुकट घ्या. लोकांना चव लागली तेव्हा म्हणाले, आता फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील.

पंधरा हजार रुपये म्हणजे त्या काळातही फार मोठी रक्कम नव्हती. आपल्या कारागिरांपैकी अनेकांकडे आज त्याहून जास्त माल पडून असेल.

ओढणीची गोष्ट

आता परत माझ्या दुकानात येतो. फिकट गाऊनचे दुःख ताजे होते, म्हणून मी ठरवले की महिनाभर मुलालाच गल्ल्यावर बसवायचे आणि आपण दारातल्या स्टुलावर बसायचे. विकायचे काही नाही, फक्त ऐकायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक गोष्ट कानाला खटकली. गाऊन घेतलेली बाई पैसे देण्याआधी विचारते, "दादा, ह्याच्यावर जाईल असा एखादा तुकडा आहे का?" नोकर तिला कटपीसच्या टोपलीकडे पाठवतो. ती उपसते, कधी मिळतो, कधी नाही. दिवसातून सहा-सात जणी हे विचारत होत्या. खरे सांगतो, हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत होतो आणि त्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

घरी गेल्यावर बायकोला विचारले. ती म्हणाली, "तुम्हाला एवढेही माहीत नाही? दूधवाला आला, भाजीवाली आली, दीर दारात आला, की गाऊनवर काहीतरी घ्यावे लागते. कोणी टॉवेल घेते, कोणी जुनी ओढणी. रंग जुळला तर बरे दिसते." मग मी रस्त्याने जाताना पाहू लागलो. मुसलमान मोहल्ला असो की माळ्यांची आळी, दारात उभ्या असलेल्या निम्म्या बायकांच्या अंगावर गाऊन आणि खांद्यावर टॉवेल. गाऊन हा रात्रीचा कपडा राहिला नव्हता, दिवसभराचा झाला होता, आणि आम्ही दुकानदार तो अजून रात्रीचा समजून विकत होतो.

साठ नग केले. गडद छापील गाऊन आणि त्याच कापडाच्या काठाची साधी ओढणी, दोन्ही एका पुडक्यात. भाव सत्तर रुपयांनी जास्त. मुलगा म्हणाला, अडीचशेच्या वर जाणार नाही, कागदात आले आहे. अकरा दिवसांत साठच्या साठ गेले. दुसऱ्या खेपेला दोनशे केले आणि एका बाईच्या सांगण्यावरून उजव्या बाजूला खोल खिसा लावला. मोबाईल आणि घराची किल्ली ठेवायला. खिशाचा खर्च नगामागे चार रुपये. त्या चार रुपयांनी जेवढा माल विकला तेवढा रंगीत जाहिरातीने विकला नसता.

मुलाचा कागद मी फेकला नाही, हेही सांगतो. त्यातला बाहीचा आकडा बरोबर निघाला. अंगाच्या मापाचे आकडेही कामाला आले. कोणत्या मापाचे किती नग करायचे हे आता तोच ठरवतो आणि माझ्यापेक्षा चांगले ठरवतो.

हौस आणि अंदाज

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग काय, मनात येईल ते करावे. थांबा. माझी फजिती अजून सांगायची आहे.

ओढणी चालली तसा मी हवेत गेलो. मला वाटले आपली नजर आता अचूक झाली. मनात आले, लुंगी बांधणे ही कटकटच आहे, सारखी सुटते. कमरेला इलास्टिक लावून शिवलेली लुंगी दिली तर लोक तुटून पडतील. कोणाला विचारले नाही, कोणाजवळ बसलो नाही. चौकड्याच्या लुंगीचे चारशे नग शिवले. एका महिन्यात सोळा गेले.

एका लूमवाल्या चाचांना कारण विचारले. त्यांनी आपली लुंगी दाखवली. कमरेच्या पीळात एका बाजूला बिडीचे बंडल, दुसऱ्या बाजूला दुमडलेल्या नोटा. "मियाँ, तू कनवटीच काढून टाकलीस. आता मी पैसे कुठे ठेवू?" लूमवर काम करताना ते लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडतात, जेवायला बसताना सैल करतात, नमाजला जाताना खाली सोडतात. दिवसातून दहा वेळा बांधायची ती त्यांची सोय होती, कटकट माझी होती. मी स्वतः दुकानात पँट घालतो. जी वस्तू मी वापरत नाही आणि जे वापरतात त्यांच्याजवळ मी बसलो नाही, त्यांच्याबद्दल मी अंदाज केला असे म्हणणेही चूक. ती हौस होती.

आणि नजर खरी असली तरी एवढ्याने भागत नाही, हे टाटांच्या नॅनोने दाखवले. रतन टाटांनी स्कूटरवरचे कुटुंब पाहिले होते: पुढे उभे मूल, मागे बायको, तिच्या कडेवर दुसरे मूल, वरून पाऊस. त्यातून एक लाखाची मोटार सुचली. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत ती दाखवली, २००९ मध्ये विक्रीला आली. गरज खरी होती, पाहणेही खरे होते. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, ही कारणे आहेतच. पण मोठे कारण टाटांनी स्वतःच पुढे कबूल केले. ती सर्वात स्वस्त गाडी म्हणून लोकांच्या मनात बसली. स्कूटर सोडून मोटार घेणारा माणूस पावसापासून बचाव तर मागतोच, शिवाय गल्लीत मान वर व्हावी असेही त्याला वाटते. स्वस्त म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात उभी करून ती मान वर होत नाही. साणंदच्या कारखान्यात वर्षाला अडीच लाख गाड्या करायची सोय होती. साऱ्या आयुष्यात तीन लाखांच्या आसपास विकल्या गेल्या आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. गरीब गिऱ्हाइकाची इज्जत हा हिशोबातला रकाना आहे, हे आपल्यासारख्या स्वस्त माल विकणाऱ्यांनी फार जपायला हवे. मी माझ्या नोकरांना "स्वस्तातले दाखवू का" हे वाक्य बंद करायला लावले आहे. "ह्या भावातले हे पाहा" असे म्हणायचे.

लूमवाल्याने काय करावे

शिलाईवाल्याला साठ नग करून पाहणे सोपे आहे. यंत्रमागवाल्या भावांचे तसे नाही. एकदा भीम चढला की ताण्याचे हजारो मीटर सूत गुंतले. दहा साड्या निराळ्या करून पाहू म्हटले तर ताणा बदलता येत नाही. मालेगावात असो, भिवंडीत असो, आठ-दहा लूमचा मालक नवे काही करत नाही त्याचे खरे कारण हे आहे. त्याला अक्कल नाही असे शहरातले लोक म्हणतात, पण एक भीम फसला तर त्याचे दोन महिन्यांचे घर फसते.

तरीही वाट आहे. ताणा तोच ठेवून बाणा बदलता येतो. भीम संपत आला की शेवटच्या वीस-पंचवीस मीटरवर बाण्याचा रंग बदलून पाहा. एक गडद, एक मधला. ते नग घाऊक व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात घालू नका. तिथे ते हरवतील. एखाद्या ओळखीच्या किरकोळ दुकानदाराकडे ठेवा आणि आठवडे बाजाराच्या दिवशी तिथे तासभर स्वतः बसा. आपले विणणारे आणि वापरणारे ह्यांच्या मध्ये तीन-तीन दलाल असतात. विणणाऱ्याला माहीतच नसते की त्याची साडी कोण नेसते, ती शेतात नेसते की लग्नात. व्यापारी सांगतो, "मागणी नाही," आणि तो गप्प बसतो. मीही व्यापारी आहे, म्हणून सांगतो: आम्ही "मागणी नाही" म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आमच्या गोदामात जुना माल पडलेला आहे.

एका गोष्टीत मात्र अंदाज अजिबात चालवू नका. कापडाचा रंग सुटतो का, धुतल्यावर किती आटते, शिवण उसवते का, हे तपासूनच माल द्या. तीनदा धुवा, उन्हात वाळवा, धुण्याआधी आणि नंतर मोजा. ह्या प्रश्नांना कापड स्वतः उत्तर देते आणि ते गिऱ्हाइकाचे मन राखायला खोटे बोलत नाही. माणूस बोलतो. दारात आलेल्या मुलीचे मन मोडू नये म्हणून "हो, घेईन" म्हणतो. त्याला खोटे म्हणू नये, ती आपल्याकडची रीतच आहे. म्हणून मी आता "घ्याल का" हे विचारत नाही. "मागच्या वेळी घेतले होते ते अजून वापरता का, की कोणाला देऊन टाकले" हे विचारतो. झालेली गोष्ट माणूस खरी सांगतो.

गेले दोन महिने दुकानात एक नवे चालले आहे. तरुण मुली ताका उलगडायला लावतात, मोबाईलवर फोटो काढतात, कोणाला तरी पाठवतात आणि पाच-दहा मिनिटे काउंटरला टेकून उभ्या राहतात. काही जणी मग घेतात, बऱ्याच जणी "सांगते" म्हणून निघून जातात. नोकर वैतागले आहेत. मुलाचे म्हणणे, फोटोला मनाई करावी, त्या भाव काढायला येतात. मला तसे वाटत नाही. फोटो कोणाकडे जातो, आईकडे, शिंप्याकडे की मैत्रिणीकडे, आणि समोरून काय विचारले जाते, हे अजून कळलेले नाही. ज्या घेतात त्या फोटो पाठवल्यानंतर बहुतेक वेळा पन्हा विचारतात, एवढे ध्यानात आले आहे. येत्या शनिवारपासून पुन्हा दारातल्या स्टुलावर बसणार आहे.